माध्यम, मिळकत आणि एक सरळ रेषा

खास प्रतिनिधी

मुलाला मराठी शाळेत घालावे की इंग्रजी माध्यमाच्या, हा प्रश्न शहरातील बहुतेक मराठी घरांत एकदा तरी चर्चिला गेलेला असतो. एका बाजूने मातृभाषेतून शिक्षणाचा आग्रह धरला जातो, दुसऱ्या बाजूने नोकरीच्या बाजाराचे दाखले दिले जातात. शेजारचा मुलगा इंग्रजी शाळेत होता आणि आज बघा कुठे पोहोचला, असे कोणी म्हणतो. त्यावर मराठी शाळेत शिकून नावारूपाला आलेल्यांची यादी तत्काळ सादर होते. वाद रंगतो, पण निकाली निघत नाही. कारण उदाहरणे दोन्ही बाजूंकडे असतात. पुरावा बहुधा कोणाकडेच नसतो.

उदाहरण आणि पुरावा यांतील अंतर शिकवणारा एक विषय अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना विद्यापीठात अभ्यासावा लागतो. त्याचे नाव अर्थमिती, म्हणजेच इकॉनॉमेट्रिक्स. या विषयाचा अनेक विद्यार्थी धसका घेतात. संख्याशास्त्राची चिन्हे, ग्रीक अक्षरे आणि पानभर लांबीच्या सिद्धता पाहून विषय डोक्यावरून जातो. मग सूत्रे पाठ केली जातात, गृहीतकांची यादी घोकली जाते, पेपर सुटतो आणि विषय मात्र होता तेथेच राहतो. वास्तविक अर्थमितीचा गाभा बीजगणितात नाही. कोणाची तुलना कोणाशी करायची, या एका प्रश्नात तो आहे. आणि माध्यमाच्या वादाइतके या प्रश्नाचे चांगले उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

उंचीपासून सुरुवात

'इकॉनॉमेट्रिक्स' हा शब्द आजच्या अर्थाने रूढ केला तो नॉर्वेचे अर्थशास्त्रज्ञ राग्नार फ्रिश यांनी, १९२६ साली. १९३० मध्ये इकॉनॉमेट्रिक सोसायटी स्थापन झाली आणि १९३३ मध्ये तिचे 'इकॉनॉमेट्रिका' हे नियतकालिक सुरू झाले. अर्थशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक १९६९ साली फ्रिश आणि हॉलंडचे यान टिनबर्गेन यांना विभागून देण्यात आले, तेही याच क्षेत्रातील कामासाठी.

या शास्त्राचे मुख्य हत्यार मात्र त्याहून जुने आहे. त्याला रिग्रेशन म्हणतात; मराठीत त्यासाठी समाश्रयण हा शब्द आहे, तर काही ठिकाणी प्रतिगमन असाही शब्द वापरला जातो. इंग्लंडच्या फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८८६ साली २०५ जोडपी आणि त्यांची ९२८ प्रौढ अपत्ये यांच्या उंचीचा अभ्यास प्रसिद्ध केला. उंच आईवडिलांची मुले सरासरीपेक्षा उंच असतात खरी, पण आईवडिलांइतकी नसतात, असे त्यांना आढळले. आईवडिलांची उंची सरासरीपेक्षा जितकी अधिक, त्याच्या सुमारे दोन तृतीयांश इतकेच आधिक्य मुलांमध्ये उतरत होते. सरासरीकडे मागे परतण्याच्या या प्रवृत्तीवरून रिग्रेशन हे नाव पडले आणि पुढे मूळ संदर्भ सुटून ते पद्धतीलाच चिकटले.

रेषा ओढायची कशी?

पद्धत समजून घेण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, पाच व्यक्ती आहेत. त्यांचे शिक्षण अनुक्रमे ८, १०, १२, १४ आणि १६ वर्षे झाले आहे. त्यांची मासिक मिळकत अनुक्रमे १०, १५, १६, २० आणि २४ हजार रुपये आहे. आलेखाच्या कागदावर हे पाच ठिपके मांडले तर ते एका चढत्या रेषेच्या आसपास पडतात, पण नेमके रेषेवर पडत नाहीत. मग यांतून कोणती रेषा ओढावी?

अशा रेषा पाचपन्नास ओढता येतील. त्यांतून एक निवडण्याचा नियम फ्रेंच गणितज्ञ लजांद्र यांनी १८०५ साली धूमकेतूंच्या कक्षा ठरविण्याच्या संदर्भात मांडला. जर्मन गणितज्ञ गाउस यांनी १८०९ मध्ये त्याची मांडणी प्रसिद्ध केली आणि आपण ही पद्धत आधीपासूनच वापरीत असल्याचा दावाही केला. नियम साधा आहे. प्रत्येक ठिपका रेषेपासून उभ्या दिशेने किती दूर आहे ते मोजावे, त्या अंतराचा वर्ग करावा आणि सर्व वर्गांची बेरीज ज्या रेषेसाठी सर्वांत कमी येईल ती रेषा स्वीकारावी. हीच न्यूनतम वर्ग पद्धती.

आपल्या पाच व्यक्तींसाठी आकडेमोड कागदावरही करता येते. शिक्षणाची सरासरी १२ वर्षे, मिळकतीची सरासरी १७ हजार. प्रत्येकाचे दोन्ही सरासरींपासूनचे फरक काढून त्यांचे गुणाकार केले तर बेरीज ६६ येते. शिक्षणातील फरकांच्या वर्गांची बेरीज ४० येते. ६६ ला ४० ने भागले की १.६५ मिळतात. म्हणजे शिक्षणाचे एक वर्ष अधिक असेल तेथे मिळकत सरासरीने १,६५० रुपये अधिक आढळते. या आकड्याला सहगुणक म्हणतात आणि अर्थमितीच्या पहिल्या सत्रातील निम्मी मेहनत त्याच्याभोवतीच फिरते.

याच रेषेने आणखी एक धडा मिळतो. ती मागे शून्य वर्षांपर्यंत नेली तर शिक्षण नसलेल्या माणसाची मिळकत उणे २,८०० रुपये असल्याचे ती सांगते! दोष आकडेमोडीचा नाही. आपल्याकडे आठ ते सोळा वर्षे शिकलेल्यांचीच माहिती आहे; त्या मर्यादेबाहेर रेषेला बोलते करणे हा वापरणाऱ्याचा अविचार होय.

सहा हजारांतले चार हजार कोणाचे?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. पुन्हा काल्पनिक आकडे घेऊ. एका वस्तीत इंग्रजी माध्यमात शिकलेले १०० आणि मराठी माध्यमात शिकलेले १०० जण आहेत. पहिल्या गटाची सरासरी मासिक मिळकत २३ हजार, दुसऱ्याची १७ हजार. फरक सहा हजारांचा. इंग्रजी माध्यमाने दरमहा सहा हजारांचा लाभ होतो, अशी बातमी यावरून सहज तयार होईल.

पण या दोनशे जणांच्या घरात डोकावले तर काय दिसते? इंग्रजी गटातील ७० जणांचे आईवडील पदवीधर आहेत; मराठी गटात अशी घरे ३० आहेत. पदवीधर घरांतील इंग्रजी माध्यमवाल्यांची सरासरी २६ हजार आणि मराठी माध्यमवाल्यांची २४ हजार. उरलेल्या घरांत हेच आकडे १६ आणि १४ हजार. म्हणजे सारख्या घरांतील मुलांची तुलना केली तर फरक केवळ दोन हजारांचा उरतो. सहा हजारांतले चार हजार माध्यमाचे नव्हतेच. ते घराचे होते. ज्या घरांची मुले पुढे अधिक मिळवणारच होती, तीच घरे इंग्रजी शाळा निवडत होती.

अर्थमितीच्या भाषेत यास वगळलेल्या चलामुळे येणारा कल म्हणतात. उपाय म्हणून एकाऐवजी अनेक चले एकाच समीकरणात घेतली जातात. माध्यमासारखी गोष्ट मोजता येत नाही म्हणून इंग्रजीसाठी एक आणि मराठीसाठी शून्य असा डमी चल वापरतात. पालकांचे शिक्षण, वय, लिंग, राहण्याचे ठिकाण हेही सोबत ठेवतात. मग माध्यमाच्या सहगुणकाचा अर्थ बदलतो: बाकी नोंदवलेल्या बाबी सारख्या असताना केवळ माध्यमाने पडणारा फरक. अर्थशास्त्राच्या पुस्तकात पानोपानी येणारी 'इतर परिस्थिती कायम राहिल्यास' ही अट प्रत्यक्ष आकडेवारीत आणण्याचा हा प्रयत्न आहे.

तरीही एक अडचण उरते. पालकांची महत्त्वाकांक्षा, मुलाची जिद्द, घरातील वातावरण यांची नोंद कोणत्या प्रश्नावलीत असते? जे समीकरणात आले नाही ते सर्व त्रुटिपदात जाऊन बसते. त्या त्रुटिपदाचा आपल्या चलाशी काही छुपा संबंध नाही, हे गृहीत धरूनच पुढे जावे लागते. परीक्षेसाठी घोकलेल्या गृहीतकांपैकी सर्वांत महत्त्वाचे ते हेच. ते खरे की खोटे हे संगणक सांगत नाही. विषयाची आणि समाजाची जाण असलेला माणूसच त्याविषयी मत देऊ शकतो.

खात्री किती?

दुसरा महत्त्वाचा धडा अनिश्चिततेचा. आपल्या पहिल्या उदाहरणात १,६५० रुपये हे उत्तर पाच जणांवरून आले. दुसरे पाच जण घेतले असते तर ते वेगळे आले असते. हे उत्तर किती हलू शकते याचा अंदाज प्रमाण त्रुटीने मिळतो. या उदाहरणात ती सुमारे १६१ रुपये येते आणि तिच्या आधारे ९५ टक्के विश्वासाचा पल्ला सुमारे १,१४० ते २,१६० रुपये असा निघतो. अशाच पद्धतीने शंभर वेळा नमुने घेतले, तर निघणाऱ्या शंभर पल्ल्यांपैकी सुमारे ९५ पल्ल्यांत खरा आकडा सापडेल, असा त्याचा अर्थ. नमुना चौपट केला की प्रमाण त्रुटी साधारण निम्म्यावर येते. सर्वेक्षणे हजारो घरांत जाऊन का करावी लागतात, ते यावरून कळते.

येथे विद्यार्थ्यांची हमखास एक गफलत होते. एखादा सहगुणक संख्याशास्त्रीयदृष्ट्या सार्थक आहे, याचा अर्थ तो शून्य नसावा इतकाच. तो मोठा किंवा महत्त्वाचा आहे, असा नव्हे. आणि तो कारण आहे, असा तर मुळीच नव्हे. कालक्रमाने मांडलेल्या आकड्यांत ही गफलत अधिकच फसवी ठरते. ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ उडनी यूल यांनी १९२६ मध्ये दाखवून दिले की, १८६६ ते १९११ या काळात इंग्लंडमधील एकूण विवाहांत चर्च ऑफ इंग्लंडमध्ये होणाऱ्या विवाहांचे प्रमाण आणि देशातील मृत्युदर यांचा सहसंबंध तब्बल ०.९५ होता. चर्चमधील लग्ने कमी झाली म्हणून माणसे कमी मरू लागली, असे अर्थातच कोणी म्हणणार नाही. दोन्ही आकडे काळाबरोबर एकाच दिशेने घसरत होते, इतकेच.

दादरच्या शाळांत काय आढळले?

माध्यमाच्या प्रश्नावर प्रत्यक्ष अभ्यास झाला आहे आणि तोही मुंबईत. कैवन मुन्शी आणि मार्क रोझेनझ्वाइग या अर्थशास्त्रज्ञांनी दादर परिसरातील मराठी भाषक कुटुंबांची माहिती गोळा करून केलेला अभ्यास २००६ साली 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू' या प्रतिष्ठित नियतकालिकात प्रसिद्ध झाला. एकच परिसर आणि एकच भाषक समाज निवडल्यामुळे कितीतरी 'इतर परिस्थिती' आपोआपच सारखी झाली. शिवाय जातनिहाय माहिती असल्याने एकाच जातीतील माणसांची आपापसांत तुलना शक्य झाली.

मराठी माध्यमात शिकलेल्यांच्या तुलनेत इंग्रजी माध्यमात शिकलेल्या पुरुषांची मिळकत १९८० साली सुमारे १५ टक्क्यांनी अधिक होती. २००० साली हा फरक २४ टक्क्यांवर गेला. स्त्रियांच्या बाबतीत तो जवळजवळ शून्यावरून २७ टक्क्यांवर पोहोचला. आर्थिक उदारीकरणानंतर इंग्रजीचा भाव वाढला, या सर्वसाधारण समजुतीला येथे आकड्यांचा आधार मिळतो.

परंतु या अभ्यासाचा खरा विचार करायला लावणारा निष्कर्ष पुढे आहे. इंग्रजीचा लाभ वाढूनही तथाकथित खालच्या जातींतील मुलगे मराठी माध्यमातच जात राहिले, मुली मात्र झपाट्याने इंग्रजीकडे वळल्या. याचे स्पष्टीकरण लेखकांनी मुंबईच्या कामगार इतिहासात शोधले. कष्टाच्या पारंपरिक रोजगारात शिरकाव होई तो नातेवाईक आणि जातभाई यांच्या ओळखीने. पिढ्यान्‌पिढ्या उपयोगी पडलेल्या त्या जाळ्याने मुलग्यांना त्याच वाटेला बांधून ठेवले. मुली त्या जाळ्यात पूर्वीही नव्हत्या, म्हणून त्या मोकळ्या राहिल्या. कोरड्या सहगुणकांतून गिरणगावाच्या शेजारच्या वस्तीचा सामाजिक इतिहास असा उलगडतो.

पालकांनी काय समजावे?

तर मग २४ टक्क्यांचा आकडा वाचून पालकांनी शाळा बदलावी काय? अर्थमिती शिकलेला विद्यार्थी येथे काही प्रश्न विचारील. पहिला, हा आकडा सरासरीचा आहे. आपले मूल सरासरी नाही. दुसरा, तो २००० सालचा आहे. त्यानंतर इंग्रजी शाळांत जाणाऱ्यांची संख्या वाढली, तर तोच लाभ टिकेलच असे नाही. तिसरा, जात सारखी ठेवली तरी घराघरांतील सगळे फरक पुसले जात नाहीत.

चौथा प्रश्न सर्वांत मोलाचा: चल नेमका कोणता? इंग्रजी माध्यम आणि इंग्रजी भाषा या दोन भिन्न गोष्टी आहेत. मेहताबुल आझम, एमी चिन आणि निशीथ प्रकाश यांनी देशपातळीवरील २००५ च्या मानव विकास सर्वेक्षणावरून केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. अस्खलित इंग्रजी बोलणाऱ्या पुरुषांचे तासाचे वेतन इंग्रजी न येणाऱ्यांपेक्षा सरासरी ३४ टक्के अधिक, तर थोडेफार इंग्रजी येणाऱ्यांचे १३ टक्के अधिक असल्याचे त्यांना दिसले. पण तरुण कामगारांत हा लाभ अधिक शिकलेल्यांनाच मिळत होता. म्हणजे शिक्षण अर्धवट सुटले तर नुसत्या इंग्रजीने तरुणांच्या हाती फारसे काही लागत नव्हते. आणि भाषा म्हणून इंग्रजी मराठी शाळेतही उत्तम शिकवता येते की नाही, हा प्रश्न तर या दोन्ही अभ्यासांच्या कक्षेबाहेरच राहतो.

चिठ्ठ्या टाकण्याची युक्ती

छुप्या फरकांवर सर्वांत खात्रीचा तोडगा म्हणजे निवड माणसांवर न सोडता नशिबावर सोडणे. याचेही उदाहरण मुंबईतच आहे. 'प्रथम' या संस्थेच्या बालसखी उपक्रमात स्थानिक तरुणी अभ्यासात मागे पडलेल्या मुलांना दररोज सुमारे दोन तास वेगळे बसवून वाचन आणि गणिताची उजळणी करून घेत. मुंबई आणि वडोदरा येथे कोणत्या शाळेतील कोणत्या इयत्तेला बालसखी मिळणार, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे यादृच्छिक पद्धतीने ठरविण्यात आले. त्यामुळे दोन्ही गटांतील घरे, पालक आणि मुले सरासरीने सारखीच राहिली. अभिजित बॅनर्जी, शॉन कोल, एस्थर डुफ्लो आणि ली लिंडेन यांचा यावरील अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. दुसऱ्या वर्षाअखेर मुलांचे गुण सरासरी ०.२८ प्रमाण विचलनाने वाढले आणि सर्वाधिक लाभ सर्वांत मागे असलेल्यांना झाला. मात्र उपक्रम थांबल्यानंतर वर्षभराने त्यातील सुमारे ०.१० इतकाच परिणाम शिल्लक होता. यशाबरोबर ही ओसरही छापली गेली, हे या शास्त्राच्या प्रामाणिकपणाचे लक्षण मानावे लागेल. बॅनर्जी आणि डुफ्लो यांना मायकेल क्रेमर यांच्यासह २०१९ चे नोबेल मिळाले ते अशाच प्रयोगांच्या परंपरेसाठी.

शाळेच्या माध्यमासाठी मात्र कोणी चिठ्ठ्या टाकू देणार नाही. म्हणूनच पाहणीतून मिळालेल्या आकड्यांवर काळजीपूर्वक काम करण्यावाचून गत्यंतर नाही.

अभ्यास कसा करावा?

भारतातील असंख्य विद्यार्थ्यांची या विषयाशी ओळख होते ती दामोदर गुजराती यांच्या 'बेसिक इकॉनॉमेट्रिक्स' या पुस्तकातून. त्याची पहिली आवृत्ती १९७८ ची. १९६० साली मुंबई विद्यापीठातून एम.कॉम. होऊन पुढे शिकागो येथे डॉक्टरेट मिळविणाऱ्या गुजराती यांनी जड गणित बाजूला ठेवून उदाहरणांच्या मार्गाने विषय मांडला. तोच मार्ग विद्यार्थ्यांनी धरावा. आधी पाच-दहा आकड्यांवर हाताने रेषा काढावी, मगच संगणकाकडे वळावे. आर आणि ग्रेटल ही सॉफ्टवेअर विनामूल्य मिळतात. केंद्र सरकारच्या २०१७ पासून सुरू झालेल्या नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षणाची मूळ आकडेवारीही अभ्यासकांना उपलब्ध होते. आपल्याच राज्यातील शिक्षण आणि वेतन यांची रेषा स्वतः ओढून पाहिली, तर पुस्तकातील दहा प्रकरणे एका दुपारीत जिवंत होतात.

समीकरण चालवण्यापूर्वी एका कागदावर चार ओळी लिहिण्याची सवय ठेवावी. कोणाची तुलना कोणाशी होत आहे? त्यांच्यात आणखी कोणते फरक असू शकतात? त्यांपैकी आपल्याकडे कशाची नोंद नाही? आणि त्यामुळे उत्तर फुगेल की आक्रसेल? ही चार उत्तरे ज्याला देता आली, त्याला अर्थमिती आली असे समजावे, मग सिद्धता पाठ असो वा नसो.

हेच चार प्रश्न वर्गाबाहेरच्यांच्याही उपयोगाचे आहेत. अमुक वर्गाने गुण वाढतात, तमुक पदवीने पगार दुप्पट होतो, असे दावे जाहिरातींतून आणि बातम्यांतूनही रोज कानांवर पडतात. शाळेच्या प्रवेशाचा अर्ज हाती घेतलेल्या पालकाला समाश्रयण तयार उत्तर देणार नाही. शेजारच्या मुलाचे उदाहरण पुढे केले जाईल तेव्हा त्याच्या घराविषयीही विचारावे, एवढे मात्र ते नक्की शिकवते.